काही कर्मचारी

बीडमधल्या आमच्या कार्यालयाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सोमवारी सकाळी साहेबांचा संदेश पडतो. ‘असे निदर्शनास आले आहे की, काही कर्मचारी कार्यालयीन वेळेत जागेवर आढळून येत नाहीत. सदर बाब अत्यंत गंभीर आहे.’ फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस पाच दिवसांचा आठवडा आला, तेव्हापासून कार्यालयाची वेळ पावणेदहाची आहे. संदेश दहाच्या पुढे येतो, कारण तोवर साहेबही वाटेतच असतात. मग खाली ‘येस सर’, ‘नोटेड सर’, कुणाचे नुसतेच जोडलेले हात, अशी रांग लागते. सगळ्यात आधी ‘नोटेड सर’ ज्याचं येतं, तोच तो काही कर्मचारी. तो त्या वेळी बार्शी नाक्यावर चहा पीत उभा असतो आणि मोबाइल खिशात टाकता टाकता शेजारच्याला विचारतो, “साहेबांचा रोख कुणाकडं हाय म्हणायचा?”

शेजारच्याला माहीत असतं. टपरीवाल्याला माहीत असतं. टपरीवर पानासाठी थांबलेल्या, आमच्या कार्यालयाशी काडीचा संबंध नसलेल्या माणसालाही माहीत असतं. ज्याला माहीत असायला हवं तो तेवढा बिनघोर असतो.

ही रीत साहेबांनी काढलेली नाही. लेकी बोले सुने लागे ही आपली फार जुनी शाळा. घरात ती चालायची, कारण लेक कोण आणि सून कोण हे ठरलेलं असायचं, आणि सून चुलीपुढे बसून कान टवकारून ऐकत असायची. कार्यालयात जो तो स्वतःला लेक समजतो. बोलणं आहे सुनेसाठी, आणि सून म्हणजे पलीकडच्या टेबलावरचा, अशी ग्रुपवरच्या प्रत्येकाची पक्की खात्री असते.

यावरून बीडची माणसं मुखदुर्बळ आहेत असा समज कुणी करून घेऊ नये. खरं बोलण्याची आमच्याकडे मुळीच टंचाई नाही. पाण्याची आहे, खऱ्याची नाही. फक्त ते खरं ज्याच्याबद्दल आहे त्याच्यासमोर निघत नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका सहकाऱ्यानं दुसऱ्या सहकाऱ्याच्या कामाचं टपरीवर जे विश्लेषण केलं, ते मी आजवर ऐकलेल्या कुठल्याही प्रशिक्षणापेक्षा सरस होतं. त्याचे तक्ते वरून परत का येतात, तो जुन्या प्रपत्रातच आकडे कसे भरतो, बेरीज करताना शेवटची ओळ कशी सोडतो, हे सगळं उदाहरणांसह, बारकाव्यांसह. एवढ्यात तो स्वतःच समोरून येताना दिसला. “ये ये भाऊ,” विश्लेषक म्हणाला, “शंभर वर्षं आयुष्य हाय तुला. आत्ताच तुझं नाव काढलं होतं.” भाऊ खूश झाला. चहाचे पैसे त्यानं दिले. तक्ते अजूनही परत येतात.

सरकारनं आपल्या या स्वभावाला कागदाची जोड दिली आणि त्या कागदाला गोपनीय अहवाल असं नाव दिलं. वर्ष १ एप्रिलपासून ३१ मार्चपर्यंतचं. आधी कर्मचाऱ्यानं स्वतःबद्दल लिहायचं, त्याला स्वयंमूल्यमापन म्हणतात. मग प्रतिवेदन अधिकारी त्यावर आपलं मत नोंदवतो, आणि त्या मतावर पुनर्विलोकन अधिकारी आपलं मत देतो. या उतरंडीत मी मधे कुठंतरी बसतो. खालच्यांचे लिहितो, माझा वरचे लिहितात. एप्रिल आला की माझ्यापुढे स्वयंमूल्यमापनांचा गठ्ठा येतो, आणि त्यातून मला कळतं की गेल्या वर्षभरात माझ्या हाताखालच्या प्रत्येकानं नेमून दिलेली सर्व कामे विहित मुदतीत व वरिष्ठांच्या मार्गदर्शनाखाली यशस्वीरीत्या पार पाडली. कामं मग कुणाची राहिली, हा प्रश्न प्रशासनात विचारायचा नसतो. मजकूर एकानं केलेला असतो आणि बाकीच्यांनी उतरवलेला. एका वर्षी आमच्या एका ताईंच्या स्वयंमूल्यमापनात ‘मी सर्व आढावा बैठकांना जातीने हजर राहिलो’ असं आलं होतं. मीही ते सही करून पुढं पाठवलं. पुनर्विलोकन अधिकाऱ्यांनी ‘सहमत’ लिहिलं.

प्रतवारीचे शब्दही पाहण्यासारखे आहेत. अत्युत्कृष्ट, निश्चित चांगला, चांगला. आमच्या कार्यालयातली प्रतवारी बीडच्या खजाना विहिरीतल्या पाण्यासारखी आहे. पाऊस येवो न येवो, वर चढत नाही की खाली उतरत नाही. काम करणारा ‘निश्चित चांगला’, न करणारा ‘निश्चित चांगला’, आणि जो वर्षातले चार महिने वैद्यकीय रजेवर होता तोही निश्चित चांगलाच, कारण त्यानं त्या चार महिन्यांत कुणाला त्रास दिला नाही.

तुम्ही म्हणाल, वाईट लिहिलं तर गोष्ट वेगळी, पण चांगलं लिहायला काय जातं? जातं. सीमा सडक संघटनेतल्या देव दत्त नावाच्या एका अभियंत्याच्या अहवालात १९९३-९४ या वर्षी ‘चांगला’ असा शेरा पडला. बिचाऱ्याला तो कुणी दाखवला नाही. दाखवायचं कारणही नव्हतं, नियम वाईट शेरा दाखवण्याचा होता, आणि ‘चांगला’ म्हणजे वाईट असं कुणाच्या डोक्यात येणार? पण पदोन्नतीला सलग पाच वर्षं ‘खूप चांगला’ लागत होता. या एका ‘चांगल्या’पायी माणसाची बढती गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं, आणि १२ मे २००८ रोजी न्यायालयानं सांगितलं की शेरा वाईट असो, साधारण असो, चांगला असो की खूप चांगला, प्रत्येक शेरा त्या माणसाला कळवलाच पाहिजे. तोवर देव दत्त निवृत्तही झाले होते. आपल्याबद्दल साहेबाचं खरं मत काय आहे, हे कळून घ्यायला त्या माणसाला दिल्लीच्या कोर्टाची पायरी चढावी लागली. साहेबांच्या केबिनची पायरी त्याहून सोपी असती असं वाटतं खरं, पण ज्यांनी ती चढून पाहिली आहे त्यांना विचारा.

निकालानंतर आमच्याकडेही शेरे कळवले जाऊ लागले. परिणाम एवढाच झाला की शेरे आणखी गोड झाले. जे दाखवायचं आहे ते कोण कडू लिहील? आणि आता तर अहवाल महापार प्रणालीवर ऑनलाइन भरायचा. गोपनीयता राखण्यासाठी साहेबांच्या मोबाइलवर ओटीपी येतो. संगणकापुढे बसलेला ऑपरेटर व्हरांड्यातूनच ओरडतो, “साहेब, ओटीपी आला का?” साहेब केबिनमधून सहाच्या सहा आकडे मोठ्यानं वाचून दाखवतात. अभ्यागतांच्या बाकावर बसलेल्या शेतकऱ्यालाही ते ऐकू येतात. लॉगिन ऑपरेटरकडं, पासवर्ड ऑपरेटरकडं, आणि त्याचा स्वतःचा अहवालही त्याच लॉगिनमधून जाणार. कार्यालयात विश्वासाचं वातावरण नाही असं जे म्हणतात, त्यांनी हे येऊन पाहावं.

समोरासमोर बोलायला आमच्याकडे जे साधन आहे ते म्हणजे कारणे दाखवा नोटीस. समोरासमोर म्हणजे दोघांची टेबलं समोरासमोर असतात, बोलणं आवक-जावक विभागातून जातं. ‘आपणांस याद्वारे कळविण्यात येते की’ हे वाक्य दहा फुटांवरच्या माणसाला पोचवायला शिपाई लागतो, पोच लागते, पोचेवर दिनांकासह सही लागते. नोटिशीत १९७९ च्या शिस्त व अपील नियमांचा हवाला असतो आणि खुलासा २४ तासांत मागवलेला असतो. खुलासा तिसऱ्या आठवड्यात येतो, सोबत विलंबाबद्दलचा वेगळा खुलासा जोडून. तो समाधानकारक नसतो. तरीही शेवटी त्यावर ‘दप्तरी दाखल’ असं लिहिलं जातं आणि दोघं एकाच मोटारसायकलवरून घरी जातात. वाटेत त्या विषयावर बोलत नाहीत. आणि २००५ च्या बदल्यांच्या कायद्यातच असं लिहिलेलं आहे की कोणतीही फाइल कुणाच्याही टेबलावर ७ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये. हे कलम मी एका फाइलमध्ये वाचलं. ती फाइल माझ्या टेबलावर बरेच दिवस होती, म्हणून वाचायला वेळ मिळाला.

अशा स्थितीत मागच्या वर्षी आम्हाला सुधारण्यासाठी पुण्याहून एक प्रशिक्षक मॅडम आल्या. विषय होता हाताखालच्या माणसाशी प्रामाणिकपणे कसं बोलावं आणि त्याचा विश्वास कसा मिळवावा. सभागृहात पंखे जोरात, आवाज हळू, आणि जेवणाच्या वासानं साडेअकरापासूनच सगळ्यांचं लक्ष मागं. मॅडमनी सँडविच पद्धत शिकवली. आधी कौतुक करायचं, मधे चूक सांगायची, शेवटी पुन्हा कौतुक. मग ‘वन मिनिट मॅनेजर’ नावाच्या पुस्तकाबद्दल सांगितलं. केनेथ ब्लँचर्ड आणि स्पेन्सर जॉन्सन या दोघांनी १९८२ मध्ये लिहिलेलं. कौतुक एका मिनिटात, कानउघाडणीही एका मिनिटात. माझ्या शेजारचे जुने अधिकारी पुटपुटले, “आपल्याकडं एका मिनिटात ‘बसा’ म्हणून पाणीसुद्धा येत नाही.” ते खरंच आहे. गावाकडं पाऊसपाणी कसं, पोरगं कितवीला गेलं, सोयाबीनला काय भाव लागला, एवढं झाल्याशिवाय कामाचं काढणं म्हणजे सरळ सरळ भांडण उकरणं. ती कानउघाडणी अमेरिकेत मिनिटात होत असेल. तिकडं सोयाबीनचा भाव कुणी विचारत नसेल.

तरी मी मॅडमचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी एका लिपिकाला बोलावलं, बसायला सांगितलं, आणि पहिला थर लावला : “तुमचं अक्षर फार सुंदर आहे हो.”

त्याचा चेहरा उतरला. दोन्ही हात टेबलावर ठेवून तो म्हणाला, “कोणता चार्ज द्यायलाय साहेब? खरं सांगा. मला बीपी हाय.”

त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. नोकरीत त्याच्याशी जेव्हा जेव्हा कुणी गोड बोललं, तेव्हा तेव्हा संध्याकाळपर्यंत अतिरिक्त कार्यभाराचा आदेश हातात पडला. आमच्याकडे कौतुक हे कार्यभाराच्या आधी येतं, जसं... नको, उपमा राहू द्या. मधला थर लावायची वेळच आली नाही. त्याची समजूत काढण्यात अर्धा तास गेला, आणि शेवटचं कौतुक मी त्याच्या भल्यासाठीच टाळलं.

त्यानंतर मी या गोष्टीकडे जरा लक्ष देऊन पाहू लागलो. माझ्या असं ध्यानात आलं की आमच्याकडचा माणूस खरं ऐकायला घाबरत नाही. साहेब काय बोलले हे तो ऐकतच नाही. साहेब आजच का बोलले, आपल्यालाच का बोलले, आणि त्यामागं कोण आहे, याचा तो तपास लावत असतो. ‘तुमची टिपणी चुकली’ असं मी म्हटलं की टिपणी उघडली जात नाही, माझी कुंडली उघडली जाते. हा मूळचा कोणत्या तालुक्यातला? पाटोद्याचा की परळीचा? याला इथं आणलं कुणी? याची ऊठबस कुणाकडं? आणि सगळ्याच्या वर, आडनाव काय?

डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि जिल्ह्याचं नाव देशभर गेलं. त्यावर विनोद करण्याची माझी छाती नाही. पण त्यानंतर जिल्ह्यात असं झालं की कोणत्याही खुर्चीवर कोण बसलं आहे हे बघण्याआधी कोणत्या आडनावाचं बसलं आहे ते मोजलं जाऊ लागलं. तेव्हा नव्यानं आलेले पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी २०२५ च्या सुरुवातीला एक गोष्ट केली. पोलिसांनी एकमेकांना आडनावानं नाही, पहिल्या नावानं हाक मारायची. टेबलावरच्या पाट्यांवरूनही आडनावं गेली. पाटीवर नुसतं नाव.

मला हा निर्णय मनापासून आवडला. अडचण एवढीच की आपल्याकडे नुसत्या पहिल्या नावानं हाक मारण्याचा हक्क आई, शाळेतले गुरुजी आणि उधारी वसूल करायला आलेला दुकानदार, एवढ्यांनाच असतो. पन्नाशीच्या हवालदाराला नुसत्या नावानं हाक आली की त्याचा हात आधी खिशाकडं जायचा. त्यावर ‘नावापुढं सर लावा’ असा तोडगा आपोआप निघाला. आणि बाहेरची जनता? ती काही कमी नाही. पाटीवर आडनाव नाही म्हटल्यावर तक्रार द्यायला आलेला माणूस आधी इकडंतिकडं बघतो, मग खुर्ची पुढं ओढून विचारतो, “साहेब, गाव कोणतं म्हणायचं तुमचं?” मग, “त्या गावात आमचे पाव्हणे हायेत. तुमचं मामाचं गाव?” आणि फार तर, “मंजी मग तुम्ही त्या अमक्या सरपंचाच्या भावकीतले का?” एवढ्यात आडनाव, पोटजात, आणि ग्रामपंचायतीतला गट, सगळं हाती लागतं. तक्रार मागाहून. तरीही मी म्हणतो, पाटी पुसली ते बरंच झालं. भेदभाव करायचाच असेल तर माणसाला निदान चार प्रश्नांचे कष्ट तरी पडू द्या.

याला आमचाही नाइलाज आहे. सरकारी माणूस तीन वर्षांसाठी एका खुर्चीवर येतो, ही मुदतही त्या २००५ च्याच कायद्यातली. पहिलं वर्ष हा कुणाचा माणूस आहे हे कळण्यात जातं. दुसऱ्या वर्षी तो कुणाचाच नाही असं लक्षात येतं आणि सगळेच घाबरतात. तिसऱ्या वर्षी जरा ओळख होते, तर बदली. त्यामुळे आमच्याकडे एकच काळ असा असतो की साहेब खरं बोलतात : बदलीचा आदेश निघाल्यापासून कार्यमुक्त होईपर्यंतचा आठवडा. त्या आठवड्यात साहेब एकेकाला बोलावून असं काही सुनावतात की ऐकणारा थक्क होतो. तीन वर्षं हे सगळं पोटात ठेवून माणूस जेवत कसा होता? मग निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ होतं, आणि दोन्ही बाजू पुन्हा खोटं बोलू लागतात.

तोंडावर खरं बोललं जातं आणि समोरचा ते गुमान ऐकून घेतो, असं बीड जिल्ह्यात मी पाहिलं ते उसाच्या फडात. माजलगाव धरणाच्या कालव्याखाली आमचा थोडा ऊस आहे. जिल्ह्यातून दसरा-दिवाळी झाली की टोळ्यांमागून टोळ्या निघतात. सांगली, सातारा, कोल्हापूर, पार बेळगाव-बागलकोटपर्यंत. काही मात्र जवळच्याच कारखान्यांवर थांबतात. तशी धारूरकडची एक टोळी आमच्या फडात उतरली होती. मुकादमाला सगळे नाना म्हणत. अंगात मळका सदरा, खिशात दोन मोबाइल, आणि चिठ्ठ्यांचं पुडकं.

एक नवखा पोरगा सरीतून तोडत चालला होता. नाना त्याच्या मागून आले, वाकले, तोडलेल्या बुडख्याशेजारी जमिनीवर हात टेकवला आणि बोटं मोजली. “हे बघ. चार बोटं. साखर बुडाला असती, शेंड्याला नसती. ही चार बोटं साखर तू ह्या मालकाच्या जमिनीत ठिवली, कारखान्याला पाचट पाठवलं, अन वजन म्हणशील तर माझ्याच टोळीचं घटलं.” पोरगा म्हणाला, “नाना, कोयता बोथट झालाय.” नानांनी कोयता मागून घेतला, कमरेची कानस काढली, धारेवर दहा-बारा हात ओढले, अंगठ्यानं धार चाचपली आणि कोयता परत दिला. “आता तोड. मातीला लागून.” पोरानं तोडला. नाना पुढं गेले. सगळं मिळून मिनिट झालं असेल. ब्लँचर्ड आणि जॉन्सन यांना माजलगावला आणायला हवं होतं, असं मला तिथं बांधावर बसल्या बसल्या वाटून गेलं.

संध्याकाळी गाडी भरताना एका मोळीचा आळा सुटला आणि ऊस फळीवरून खाली घरंगळला. नाना मोळी वाहणाऱ्या बाईच्या नवऱ्यावर ओरडले. नवरा खाली मान घालून उभा. बाई फळीवरूनच म्हणाली, “मोळी म्या बांधली, त्यांला काय बोलताव? मला बोला की.” टोळी हसली. नाना गप्प झाले. नवरा-बायको मिळून एक कोयता, ही तिथली मोजणी. पहाटे तीनला उठून भाकरी थापण्यापासून मोळी गाडीत चढवण्यापर्यंत सगळं करणारी बाई हिशेबात अर्धा कोयता, आणि बोलणी खाण्याच्या बाबतीत तर शून्य. आपली चूक आपल्या नावावर जमा व्हावी, एवढंच ती मागत होती. आमच्या कार्यालयात असं मागणारा अजून भेटलेला नाही.

रात्री कोपीपुढं बसून मी नानांना विचारलं, तुमच्यावर यांचा इतका विश्वास कसा? नाना हसले. “इस्वास कशाचा साहेब? जोडीला लाखाची उचल देऊन बसलोय. निम्मे पैसे कारखान्याचे, निम्मे माझे, अन माझे मंजी घर गहाण टाकून आणलेले. त्यानं बुडखा उंच तोडला तर माझं घर जातंय. मी त्याला गोड बोलून काय करू?”

मला त्या रात्री उमगलं ते हे. नानाचा स्वार्थ फडातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, अगदी रुपयासकट. त्यामुळे नाना ‘चार बोटं’ म्हणाले की ती चारच बोटं असतात. त्यामागं गाव, गट, आडनाव शोधत कुणी बसत नाही. मी मात्र निःस्वार्थपणे बोलतो, निदान तसा आव आणतो, आणि निःस्वार्थ माणसाचा बीडमध्ये कुणालाही संशय येतो. यात चूक काय?

नानाचा कारभार आदर्श आहे असं कृपा करून समजू नका. उचल ही साखळी आहे. हंगाम संपताना हिशेब मुकादमाच्या वहीत, काटा कारखान्याचा, आणि मजुराच्या हातात बऱ्याचदा पुढच्या वर्षीची बाकी. जानेवारी २०२४ मध्ये पुण्याला साखर संकुलात करार झाला, तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, आणि त्याच करारात मुकादमाचं कमिशन १९ वरून २० टक्के झालं. म्हणजे ज्यांना खरं सुनवायचं त्यांच्याबरोबर सुनावणाऱ्याचीही सोय झाली. मजुराकडं नानाला सुनवायची सोय दोनच. एक, रातोरात कोपी मोडून निघून जायचं. कंपन्यांत माणूस सोडून चालला की त्याची मुलाखत घेतात म्हणे. इथं ती घ्यायला मुकादम जीप घेऊन गावी येतो, आणि त्या मुलाखती बऱ्याचदा पोलीस ठाण्यात संपतात. दुसरी सोय शांत आहे. दसऱ्याच्या सुमाराला मुकादम दारात येतो, पैशांचं पुडकं ओसरीवर ठेवतो, चहा होतो, आणि घरधनीण आतून म्हणते, “औंदा आमी दुसरीकडनं उचल घेतलीया, नाना.” नानाचा वर्षभराचा गोपनीय अहवाल त्या एका वाक्यात येतो. पुनर्विलोकन नाही, अपील नाही, ओटीपी नाही.

मार्चअखेर जवळ आली तेव्हा शेवटची ओळ सोडणाऱ्या त्या भाऊला मी केबिनमध्ये बोलावलं. अक्षराचं कौतुक केलं नाही. सोयाबीनचं मात्र विचारलं, तेवढं केलंच पाहिजे. मग त्याचे परत आलेले तक्ते समोर ठेवले, जुनं प्रपत्र दाखवलं, सुटलेली ओळ पेन्सिलीनं गोल केली आणि म्हणालो, “हे तुमचं चुकतंय. दर महिन्याला चुकतंय.”

तो बराच वेळ त्या गोलाकडं पाहत राहिला. मग हळूच दार लोटून आला आणि खुर्ची पुढं ओढून म्हणाला, “साहेब, बदली झाली का तुमची?”

नाही म्हटलं.

“स्वेच्छानिवृत्ती?”

नाही.

“मग माझ्याबद्दल कुणी कान भरलेत का? आष्टीवाल्यानं?”

“कुणी नाही,” मी म्हणालो. “हे बघा, पुढच्या व्हिडिओ कॉन्फरन्समध्ये आकडा चुकला तर कलेक्टर साहेब सगळ्या जिल्ह्यासमोर मला उभं करणार. तुम्हाला नाही, मला. माझी पदोन्नती लागलीय. तुमच्या या एका ओळीपायी माझा अहवाल खराब होईल. म्हणून बोलतोय.”

भाऊच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण एकदम उतरला. “आसं सांगा की मग!” तो म्हणाला. “आधी सांगायचं ना साहेब. मला वाटलं, आमचं काय चुकलं काय की.” आणि तक्ते उचलून बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला तक्ता माझ्या टेबलावर होता. नवं प्रपत्र, शेवटची ओळ धरून बेरीज, एकही खाडाखोड नाही. मी तो दोनदा तपासला. बरोबर होता. साडेअकराच्या सुमाराला मी स्वतः खाली टपरीवर गेलो, आणि माझी पाठ तिकडं असताना विश्लेषक कुणाला तरी सांगताना ऐकलं, “आपले साहेब लई घाबरलेत. काहीतरी चौकशी लागलीय म्हणं.”

मी वळलो. “या या साहेब,” तो म्हणाला. “शंभर वर्षं आयुष्य हाय तुम्हाला.”

चहाचे पैसे मीच दिले.